आर्पाद वाइस : फुटबॉलचा एक थोर शिक्षक

थोरांची चरित्रे वाचावीत, असे वडील माणसे आपणांस नेहमी सांगत असतात. ही चरित्रे बहुधा राजांची, सेनापतींची, साधुसंतांची किंवा शास्त्रज्ञांची असतात. खेळाडूचे चरित्र कोणी हाती घेतले, की कित्येकांच्या कपाळास आठी पडते. खेळ तो खेळ, त्यात शिकण्यासारखे काय असावयाचे, असा त्यांचा समज असतो. ह्या लेखात आम्ही मुद्दाम एका खेळाडूचेच चरित्र सांगणार आहो. हा गृहस्थ प्रथम फुटबॉलच्या फॉरवर्ड फळीतील गडी होता. पुढे तो शिक्षक व मॅनेजर झाला, आणि परदेशात जाऊन त्याने आपल्या विद्येच्या जोरावर तीन वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. परंतु त्याच्या कीर्तीने त्याचे रक्षण केले नाही. ते का केले नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे, आणि त्यांच्या आईबापांनीही त्यावर थोडा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

युरोप खंडाच्या मध्यभागातून डॅन्यूब नावाची मोठी नदी वाहते. तिच्या बाजूच्या सपाट प्रदेशात, बुडापेस्ट शहराच्या दक्षिणेस, सोल्त नावाचे एक लहानसे गाव आहे. ह्या गावी ता. १६ एप्रिल १८९६ रोजी एका यहूदी कुटुंबात आर्पाद वाइस ह्यांचा जन्म झाला. आर्पाद हे नाव हंगेरीच्या इतिहासात फार मानाचे आहे. मग्यार लोकांना ह्या भूमीत घेऊन येणारा जो त्यांचा प्राचीन नायक, त्याचे ते नाव. यहूदी मातापित्यांनी आपल्या मुलास तेच नाव ठेवावे, ह्यावरून ते स्वतःस त्या देशाचे किती आपले समजत असतील, ह्याची कल्पना येते.

यहूदी लोक म्हणजे कोणी दूरचे, अनोळखी लोक, असे आमच्या वाचकांनी समजू नये. आपल्या कोकणात, अलिबाग-पेणच्या बाजूस, बेने इस्राएल नावाचे यहूदी शतकानुशतके राहत आले. ते तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची बोली मराठी, वेश मराठी. आणि शेजाऱ्यांनी त्यांना कधी छळले नाही. युरोपातील यहूद्यांचे भाग्य मात्र असे नव्हते. हे ध्यानात ठेवूनच पुढील हकीकत वाचावी.

आर्पाद अठरा वर्षांचे झाले, आणि १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. हंगेरी त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यास जोडलेली होती. इटलीने १९१५ साली ह्या साम्राज्याविरुद्ध युद्ध पुकारले, व आल्प्स पर्वताच्या कडेकपारींतून दोन्ही सैन्यांची मोठी झुंज सुरू झाली. तरुण आर्पाद ह्या आघाडीवर लढत असता इटालियन सैन्याच्या हाती सापडले आणि युद्धकैदी झाले. माणसाच्या आयुष्याची गती पाहा! ज्या देशात ते प्रथम कैदी म्हणून गेले, त्याच देशात पुढे त्यांना मान, धन आणि घर ही तिन्ही मिळावयाची होती. आणि त्याच देशातून त्यांना एके दिवशी बाहेरही पडावे लागणार होते.

युद्ध संपल्यावर ते बुडापेस्टला परतले. त्या शहरात तेव्हा फुटबॉलची विद्या भरभराटीस आली होती. नुसती धाव व नुसता जोर ह्यांवर भिस्त न ठेवता, चेंडू जमिनीलगत ठेवून एका गड्याने दुसऱ्यास जवळच्या जवळ तो अचूक द्यावयाचा, आणि प्रतिपक्षास चकवीत पुढे सरकावयाचे, ही हंगेरियन गड्यांची रीत होती. वाइस हे तोरेक्वेश नावाच्या क्लबाकडून खेळत. त्यांची जागा डाव्या बगलेची. ह्या जागेवरील गड्यास मैदानाच्या कडेने वेगाने चाल करून मधल्या फॉरवर्डपुढे चेंडू आणून द्यावा लागतो. स्वतः गोल करण्यापेक्षा दुसऱ्यास गोल करावयास मदत करणे हेच त्याचे मुख्य काम असते. पुढे शिक्षक म्हणून त्यांच्यात जो गुण प्रकट झाला, त्याचा अभ्यास त्यांना येथेच घडला असावा, असे आम्हांस वाटते.

हंगेरीच्या राष्ट्रीय संघाकडून खेळण्याचा मानही त्यांना काही वेळा मिळाला. त्यानंतर ते चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहरी माकाबी नावाच्या यहूदी क्लबाकडून खेळले. १९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक सामने झाले. हंगेरीच्या संघात वाइस ह्यांची निवड झाली होती, परंतु मैदानावर उतरण्याचा प्रसंग त्यांस आला नाही. त्या सामन्यांत हंगेरीचा नामांकित संघ इजिप्तसारख्या नवख्या संघाकडून तीन गोलांनी हरला, आणि सारे क्रीडाजगत् चकित झाले. उत्तम गडी असले तरी त्यांची नीट बांधणी झाल्याशिवाय जय मिळत नाही, हा धडा त्या दिवशी ज्यांनी बाजूला राहून घेतला, त्यांत वाइस हेही असले पाहिजेत.

ह्यानंतर ते इटलीत आले. प्रथम अलेस्सांद्रिया ह्या गावच्या क्लबात, व मग मिलान शहरातील इंटर ह्या प्रसिद्ध क्लबात त्यांनी खेळावयास आरंभ केला. परंतु लवकरच त्यांस अशी जबर दुखापत झाली, की तिशीच्या आतबाहेर असतानाच त्यांचे खेळणे कायमचे बंद पडले. ज्याने आपले सर्व तारुण्य एका कलेस वाहिले, त्याच्या हातून ती कला अशी अकस्मात् निसटली, म्हणजे त्याने काय करावे? कित्येक जण अशा प्रसंगी नशिबास दोष देत बसतात. वाइस बसले नाहीत. पायांनी जे करता येत नाही ते डोळ्यांनी व बुद्धीने करावे, आपणांस जे येते ते दुसऱ्यास शिकवावे, असे त्यांनी ठरविले. काही काळ अलेस्सांद्रियास मदतनीस म्हणून राहून त्यांनी शिक्षकाचे काम जवळून पाहिले, आणि १९२६ साली इंटर क्लबाने त्यांच्या हाती आपला संघ सोपविला.

त्या काळी फुटबॉलचा मॅनेजर म्हणजे कोट-टोपी घालून मैदानाच्या कडेस उभा राहणारा आणि हुकूम सोडणारा गृहस्थ असे. वाइस आखूड चड्डी घालून गड्यांबरोबर मैदानात उतरू लागले. जे करावयास सांगावयाचे ते आधी स्वतः करून दाखवावयाचे, अशी त्यांची पद्धत. गड्यांनी काय खावे, केव्हा निजावे, कोणता व्यायाम करावा, ह्याकडेही त्यांचे बारीक लक्ष असे. मोठ्या गड्यांवरच सारी मदार न ठेवता, क्लबाच्या मुलांच्या संघांचे सामने पाहावयास ते जात, आणि कोणत्या मुलात काय दडले आहे हे हेरून ठेवीत.

ह्याच शोधात त्यांच्या दृष्टीस एक किडकिडीत पोर पडला. त्याचे नाव जुझेप्पे मेआत्सा. त्याचा बाप महायुद्धात १९१७ साली मारला गेला होता, व आई मोठ्या कष्टाने त्याचा सांभाळ करीत होती. वाइस ह्यांनी ह्या मुलास १९२७ साली, म्हणजे त्याच्या वयाच्या सतराव्या वर्षी, इंटरच्या मुख्य संघात घेतले. जुन्या गड्यांनी थट्टा केली. आता पाळण्यातली मुलेही खेळावयास आणणार काय, अशा अर्थाचे बोलणे झाले. त्या काळी इटलीत लहान मुलांच्या सरकारी पथकांस बालिल्ला म्हणत. तेच नाव ह्या मुलास चिकटले. मेआत्साने पहिल्याच सामन्यात गोल करून थट्टा करणारांची तोंडे बंद केली. दोन्ही पाय सारखे चालावेत म्हणून वाइस त्याला भिंतीवर चेंडू मारण्याचा सराव तासन् तास करावयास लावीत, असे सांगतात. हा मेआत्सा पुढे १९३४ व १९३८ साली जगज्जेतेपद मिळविणाऱ्या इटालियन संघात होता, आणि मिलानच्या भव्य क्रीडांगणास १९८० पासून त्याचेच नाव आहे.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट मनात आणावी. मुलाचा बाप ज्या युद्धात इटलीच्या बाजूने मेला, त्याच युद्धात त्याचा गुरू इटलीच्या शत्रूकडून लढला होता. दहाच वर्षांपूर्वी ज्यांची सैन्ये एकमेकांचे प्राण घेत होती, त्यांतील एक पक्षाचा शिपाई दुसऱ्या पक्षाच्या पोरक्या मुलास हाताशी धरून विद्या शिकवीत होता. वैर किती लवकर विसरता येते, आणि माणसे किती सहज एकमेकांची होऊ शकतात, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही.

१९२९-३० सालापासून इटलीत अजिंक्यपदाच्या सामन्यांची नवी व्यवस्था सुरू झाली. त्यापूर्वी क्लबांचे गट पाडून सामने होत. आता अठरा निवडक क्लब एकाच गटात घालून प्रत्येकाने दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळावे, एकदा स्वतःच्या मैदानावर व एकदा त्याच्या, असे ठरले. म्हणजे प्रत्येकाचे चौतीस सामने व्हावयाचे. अशा लांबलचक स्पर्धेत एखाद्या दिवसाच्या नशिबाने जिंकता येत नाही. तेथे शिस्त व सातत्यच लागते. हे पहिले अजिंक्यपद वाइस ह्यांच्या संघाने जिंकले. इंटरचे नाव तेव्हा सरकारी धोरणामुळे बदलून आम्ब्रोसियाना असे ठेवण्यात आले होते. मेआत्साने त्या मोसमात एकतीस गोल केले. वाइस ह्यांचे वय तेव्हा अवघे चौतीस वर्षांचे होते. त्याच साली त्यांनी आल्दो मोलिनारी ह्या सहकाऱ्याबरोबर फुटबॉलच्या शास्त्रावर एक पुस्तक लिहिले. इटलीच्या राष्ट्रीय संघाचे विख्यात शिक्षक वित्तोरियो पोत्सो ह्यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. आपणांस जे गवसले ते गुपित म्हणून न ठेवता सर्वांपुढे मांडावे, ही खऱ्या शिक्षकाची वृत्ती त्यातून दिसते.

ह्यापुढील वर्षे सर्वच सुखाची गेली असे नाही. दक्षिणेकडील बारी शहराचा क्लब खालच्या वर्गात घसरण्याच्या बेतात असता वाइस तेथे गेले व त्यांनी त्यास वाचविले. मग ते पुन्हा मिलानला आले. तेथे दोन वर्षे लागोपाठ त्यांच्या संघास दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. १९३३ साली मध्य युरोपातील क्लबांच्या स्पर्धेत त्यांचा संघ अखेरच्या फेरीपर्यंत पोचला, परंतु व्हिएन्नाच्या ऑस्ट्रिया क्लबाने त्यास हरविले. पुढे काही महिने ते नोव्हारा येथील दुसऱ्या वर्गातील क्लबात होते. पहिल्या वर्गाचे अजिंक्यपद मिळविलेल्या माणसास दुसऱ्या वर्गात काम करणे कमीपणाचे वाटण्याचा संभव होता. पण काम मिळेल तेथे ते मन लावून करावयाचे, ही त्यांची रीत कायम राहिली.

१९३५ च्या जानेवारीत त्यांस बोलोन्या शहराच्या क्लबाने बोलावले. हे शहर आपल्या प्राचीन विद्यापीठामुळे जगास माहीत आहे. इटलीच्या फुटबॉलमध्ये त्या वेळी तूरिनच्या युव्हेन्टस क्लबाचे राज्य होते. पाच वर्षे ओळीने त्यांनी अजिंक्यपद आपल्याकडे ठेवले होते. वाइस ह्यांनी बोलोन्यास ते राज्य मोडून काढले. १९३५-३६ च्या मोसमात बोलोन्याने केवळ एका गुणाने पहिला क्रमांक मिळविला; आणि विशेष हे, की तीस सामन्यांच्या साऱ्या स्पर्धेत त्यांनी अवघे चौदा गडी वापरले. संघात दर वेळी एकाच कारणाने फेरबदल होतात : कोणास इजा होते, कोणी थकतो, कोणी रुसतो. चौदा गड्यांनी वर्ष काढावयाचे म्हणजे त्यांच्या शरीराची व मनाची दोहोंचीही काळजी शिक्षकाने किती घेतली असली पाहिजे! ह्या संघात १९३४ च्या जागतिक स्पर्धेत इटलीसाठी विजयाचा गोल करणारा स्कियाव्हिओ होता, व दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशाहून आलेले आन्द्रेओलो, सान्सोने आणि फेदुल्लो हे गडीही होते. पुढच्या वर्षी, १९३६-३७ साली, बोलोन्यानेच पुन्हा अजिंक्यपद मिळविले.

१९३७ साली पॅरिस येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या निमित्ताने निरनिराळ्या देशांतील क्लबांची एक स्पर्धा झाली. अखेरच्या सामन्यात बोलोन्याची गाठ लंडनच्या चेल्सी क्लबाशी पडली. आधुनिक फुटबॉलचे नियम इंग्लंडात १८६३ साली बांधले गेले. इंग्रज स्वतःस ह्या खेळाचे गुरू समजत, आणि इतर देशही त्यांना तसे मानीत. बोलोन्याने ह्या गुरूंचा चार गोल विरुद्ध एक असा पराभव केला. एका हंगेरियन यहूद्याने शिकविलेला, इटालियन व उरुग्वेच्या गड्यांनी बनलेला संघ फ्रान्सच्या भूमीवर इंग्रजांस जिंकतो, हे दृश्य पाहून जगातील माणसे जवळ येत चालली आहेत असे कोणासही वाटले असते. वस्तुस्थिती अगदी उलट होती.

इटलीत त्या वेळी मुसोलिनीचा अंमल होता. जर्मनीच्या हिटलरशी त्याची मैत्री जसजशी दाट होऊ लागली, तसतसे हिटलरचे विषही इटलीत उतरू लागले. १९३८ च्या उन्हाळ्यात यहूदी हे इटालियन वंशाचे नव्हेत, अशा मजकुराचे एक पत्रक निघाले. मग यहूद्यांची शिरगणती झाली. आणि सप्टेंबरात कायदे आले. एका कायद्याने यहूदी मुलांस व यहूदी शिक्षकांस सरकारी शाळांची दारे बंद झाली. दुसऱ्याने असे फर्मावले, की १ जानेवारी १९१९ नंतर इटलीत आलेल्या परदेशी यहूद्यांनी सहा महिन्यांच्या आत देश सोडावा.

वाइस ह्यांच्या कुटुंबात चार माणसे होती. पत्नी एलेना, मुलगा रोबेर्तो आणि धाकटी मुलगी क्लारा. मुलांना इटलीवाचून दुसरा देश माहीत नव्हता. रोबेर्तो तेव्हा आठ वर्षांचा होता आणि बोलोन्यातील शाळेत जात होता. सुटी संपून नवे वर्ष सुरू झाले, मुले दप्तरे घेऊन शाळेत गेली, रोबेर्तोस मात्र जाता आले नाही. त्याने कोणताही अपराध केला नव्हता, कोणत्याही परीक्षेत तो नापास झाला नव्हता. आमच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या वर्गातील बाकांकडे पाहावे, आणि सुटीनंतर त्यांतील एक बाक अशा कारणाने रिकामे राहिले, तर आपण काय केले असते, हे स्वतःस विचारावे.

ऑक्टोबर महिन्यात वाइस ह्यांनी बोलोन्याच्या संघाचा निरोप घेतला. ज्या मैदानावर हजारो लोक त्यांच्या संघाचा जयजयकार करीत होते, त्या मैदानावर दुसरा मॅनेजर आला आणि खेळ चालू राहिला. त्या मोसमाचे अजिंक्यपदही बोलोन्यानेच मिळविले. जाणाऱ्या माणसासाठी शहराने गलबला केला नाही. कित्येकांस वाईट वाटले असेल. परंतु मनात वाटणे वेगळे आणि तोंड उघडणे वेगळे. १९३९ च्या जानेवारीत हे कुटुंब आगगाडीने पॅरिसला गेले.

पॅरिसमध्ये काम मिळेना. काही महिन्यांनी हॉलंडमधील दोर्द्रेख्त ह्या गावच्या लहानशा क्लबाने त्यांस बोलावले. दोर्द्रेख्त हे नद्यांनी वेढलेले जुने व्यापारी शहर आहे. तेथील क्लब हौशी गड्यांचा होता; ते दिवसा आपापले कामधंदे करीत व सायंकाळी सराव करीत. क्लब पहिल्या वर्गातून खाली घसरण्याच्या बेतात होता. ज्यांनी मिलान व बोलोन्या येथे नामांकित गडी घडविले, ते वाइस ह्या गड्यांसही तितक्याच आस्थेने शिकवू लागले. क्लब वाचला, आणि पुढील मोसमात तो पाचव्या क्रमांकावर आला. त्या छोट्या क्लबास ही गोष्ट अजिंक्यपदाहून कमी नव्हती. मुले पुन्हा शाळेत जाऊ लागली. संकट टळले, असे त्या घरास वाटले असेल.

परंतु ता. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्य हॉलंडमध्ये शिरले, आणि पाच दिवसांत तो देश त्यांच्या ताब्यात गेला. मग इटलीत जे झाले तेच येथेही पायरीपायरीने होऊ लागले. प्रथम नोंदणी, नंतर नोकऱ्या गेल्या, बागा, वाचनालये, क्रीडांगणे ह्यांत यहूद्यांस मज्जाव झाला. १९४१ च्या सप्टेंबरात वाइस ह्यांस आपले काम सोडावे लागले. यहूदी मुलांस इतर मुलांच्या शाळांतून काढण्यात आले. रोबेर्तो व क्लारा ह्यांच्यापुढे शाळेचे दार दुसऱ्यांदा बंद झाले. १९४२ च्या मे महिन्यापासून प्रत्येक यहूद्याने छातीवर पिवळा तारा शिवून वावरावे, असा हुकूम निघाला. मोठे अन्याय एकदम येत नाहीत. ते असे लहान लहान हुकुमांच्या रूपाने येतात, आणि प्रत्येक हुकुमाच्या वेळी शेजारी मनाशी म्हणतो, की एवढ्याने काय होते.

१९४२ च्या ऑगस्ट महिन्याच्या आरंभी जर्मन पोलिसांनी ह्या कुटुंबास पकडले. त्यांस वेस्टरबोर्क येथील छावणीत नेण्यात आले. ही छावणी डच सरकारने १९३९ साली जर्मनीतून पळून आलेल्या निर्वासितांस आसरा म्हणून बांधली होती. आता तीच पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाड्यांचे ठाणे बनली होती. हॉलंडमधून असे सुमारे १,०७,००० यहूदी नेण्यात आले. त्यांतून सुमारे पाच हजार तेवढे जिवंत परतले. ऑक्टोबरच्या आरंभी वाइस कुटुंबास पोलंडमधील आउश्विट्झकडे जाणाऱ्या गाडीत बसविण्यात आले. वाटेत धडधाकट पुरुषांस सक्तीच्या मजुरीसाठी उतरवून घेतले. त्यांत वाइस होते. ता. ५ ऑक्टोबर १९४२ रोजी एलेना, बारा वर्षांचा रोबेर्तो आणि आठ वर्षांची क्लारा ह्यांस विषारी वायूच्या कोठडीत मारण्यात आले.

वाइस ह्यांनी आणखी पंधरा महिने काढले. शरीर कसलेले होते, म्हणून मजुरीच्या छावण्यांत ते इतके दिवस तगले असावेत. ता. ३१ जानेवारी १९४४ रोजी आउश्विट्झ येथे त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांस सत्तेचाळीस वर्षे पुरी झाली होती. त्यांस थडगे नाही. पुढच्या वर्षी जानेवारीतच रशियन सैन्याने ती छावणी मुक्त केली.

युद्ध संपले, क्रीडांगणे पुन्हा गजबजली. मेआत्साचे नाव सर्वांच्या तोंडी राहिले. त्याच्या गुरूचे नाव मात्र पुसले गेले. अजिंक्यपदांच्या याद्यांत ते कोठे तरी छापलेले असे, कित्येकदा त्याचे इटालियन रूप करून. पण तो माणूस पुढे कोठे गेला, त्याचे व त्याच्या मुलांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. साठ वर्षांहून अधिक काळ असा लोटला. शेवटी मात्तेओ मारानी नावाच्या इटालियन वृत्तपत्रकाराने चिकाटीने शोध घेऊन २००७ साली वाइस ह्यांच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि इटलीस आपल्या विसरलेल्या शिक्षकाची आठवण झाली. २००९ साली बोलोन्याच्या व २०१२ साली मिलानच्या क्रीडांगणावर त्यांच्या नावाच्या शिला बसविण्यात आल्या. एका शिलेवर गुरूचे नाव आणि त्या क्रीडांगणास शिष्याचे नाव, अशी मिलानला आता दोघांची गाठ पडली आहे.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रापासून काय घ्यावयाचे? खेळणे बंद पडले तेव्हा वाइस शिक्षक झाले. मोठा क्लब गेला तेव्हा लहान क्लबात तितक्याच मनोभावे राबले. पोरक्या मुलात दडलेला गुण त्यांनी ओळखला. हे सर्व अनुकरणीय आहे, आणि प्रत्येकाने आपापल्या शक्तीप्रमाणे ते करावे. परंतु एवढेच सांगून आम्ही थांबलो, तर हे चरित्र अर्धेच सांगितल्यासारखे होईल. वाइस ह्यांनी आपल्या बाजूने कशातही कसूर केली नव्हती. त्यांचा घात त्यांच्या कोणत्याही दोषामुळे झाला नाही. ज्यांनी कायदे केले त्यांचा अपराध तर उघडच आहे. परंतु ज्या हजारोंनी टाळ्या वाजविल्या आणि मग गप्प राहिले, त्यांच्याकडेही आपण पाहिले पाहिजे. त्यांतील बहुतेक दुष्ट नव्हते. ते तुमच्याआमच्यासारखेच सामान्य लोक होते. त्यांस फक्त पुढचा सामना पाहावयाचा होता.

शाळेच्या मैदानावर एखाद्या गड्यास त्याच्या जातीवरून, धर्मावरून किंवा गरिबीवरून कोणी वेगळे पाडू लागले, तर ती वेळ क्षुल्लक समजू नये. संघात प्रत्येकास जागा आहे, असे तेथेच स्पष्ट बोलावयास शिकावे. मुलांनी हे शिकावे असे वाटत असेल, तर घरी वडील माणसांनीही शेजाऱ्याविषयी बोलताना जीभ सांभाळावी. मुले जे ऐकतात तेच मैदानावर घेऊन येतात. रोबेर्तो वाइसच्या वर्गातील बाक एका दिवसात रिकामे झाले नाही. त्याआधी कित्येक घरांत, कित्येक जेवणाच्या वेळी, त्याची तयारी झाली होती. आपल्या घरांत व आपल्या वर्गांत अशी तयारी कधीही होऊ देऊ नये, हेच आर्पाद वाइस ह्यांचे खरे स्मारक होय.